त्याची रात्र त्यालाच विचारा

पत्राचा सारांश : पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावाहून एका आईने लिहिले आहे. त्यांचा धाकटा मुलगा २९ वर्षांचा असून २२व्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनिया या मनोविकाराचे निदान झाले. औषधे नियमित असल्याने गेल्या चार वर्षांत त्याला रुग्णालयात ठेवावे लागलेले नाही. मात्र वजन ९६ किलोवर गेल्यामुळे चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी ओलान्झापिन हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करून अरिपिप्राझोल हे दुसरे औषध सुरू केले. गेले तीन महिने तो पहाटे चारपर्यंत जागा असतो, गॅलरीत येरझाऱ्या घालतो आणि दुपारी बारानंतर उठतो. वडील सकाळी सहाला त्याचे पांघरूण ओढतात आणि त्यावरून रोज वाद होतो. शेवटी आईने ओळखीच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलामच्या गोळ्या आणून तीन-चार वेळा त्याला न सांगता दुधातून दिल्या. त्या विचारतात : आजार पुन्हा उचल खातो आहे का, की हा निव्वळ आळस आहे? आणि याहून चांगली झोपेची गोळी कोणती?

नमस्कार.

तुमच्या चार पानी पत्रात मुलाच्या रात्रीचा हिशेब अगदी चोख आहे. साडेअकराला खोलीतला दिवा बंद होतो, बाराला पुन्हा लागतो, एकच्या सुमारास गॅलरीची कडी वाजते, अडीचला स्वयंपाकघरात डब्याचे झाकण पडते. हे सगळे तुम्ही आपल्या अंथरुणावर पडून ऐकत असता, म्हणजे त्या घरात रात्रभर जागी असणारी माणसे दोन आहेत. पण त्या वेळात त्याला नेमके काय होत असते, याबद्दल चार पानांत एकही ओळ नाही. यात तुम्हाला बोल लावायचा नाही. घरात असा आजार असला की पाळत ठेवण्याची सवय लागते आणि विचारण्याची हळूहळू सुटते, हे मी कुटुंबांच्या स्वमदत गटांतून इतकी वर्षे पाहत आले आहे की तुमचे पत्र वाचताना मला त्याचे नवल वाटले नाही.

आधी आळसाचा मुद्दा बाजूला करू, कारण तुमच्या यजमानांचा सगळा राग त्यावरच उभा आहे. ज्यांनी तीस वर्षे पहाटेच्या पाळीवर काढली, त्यांच्या लेखी ‘लवकर निजे, लवकर उठे’ ही केवळ म्हण नसून सचोटीची कसोटी असते, हे मी समजू शकते. त्यांना एक गोष्ट अवश्य सांगा. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात स्किझोफ्रेनिया असलेल्या २० जणांच्या झोपेची सहा आठवडे नोंद ठेवली गेली. मनगटावर घड्याळासारखे एक उपकरण बांधायचे आणि हालचालीवरून झोप-जाग टिपायची, अशी पद्धत होती. तुलनेसाठी २१ निरोगी माणसे घेतली, आणि तीही नोकरी नसलेली, म्हणजे ‘कामधंदा नाही म्हणून झोप बिघडली’ असे म्हणायला जागा उरू नये. वीसच्या वीस रुग्णांची झोप बिघडलेली आढळली. त्यांतल्या निम्म्यांच्या शरीरातले घड्याळच बाहेरच्या दिवस-रात्रीशी जुळत नव्हते, म्हणजे अंधार पडल्यावर झोपेची वर्दी देणारे मेलाटोनिन त्यांच्या शरीरात भलत्याच वेळी तयार होत होते. हे रुग्ण औषधांवर होते आणि त्यांची मानसिक स्थिती स्थिर होती. तुमच्या मुलाचे घड्याळ असेच सरकले आहे किंवा नाही, हे मी इथे बसून सांगू शकत नाही; पण सकाळी सहाला पांघरूण ओढल्याने असे घड्याळ मागे-पुढे होत नाही, एवढे निश्चित. त्याने फक्त दोन तासांच्या झोपेवर एक माणूस चिडून उठतो, आणि झोपेची तूट ही या आजारात परवडणारी गोष्ट नाही.

याच अभ्यासातून तुमच्या पहिल्या प्रश्नाचेही अर्धे उत्तर मिळते. झोप बिघडली म्हणजे आजाराने उचल खाल्लीच, असे समीकरण मांडता येत नाही. आजार आटोक्यात असतानाही झोप स्वतंत्रपणे बिघडलेली असू शकते आणि तिच्यावर स्वतंत्रपणे उपचारही करता येतात. उरलेले अर्धे उत्तर मात्र सावधगिरीचे आहे. आजार पुन्हा डोके वर काढतो तेव्हा झोप कमी होणे हे अनेकदा सर्वांत आधी दिसणारे लक्षण असते. फरक ओळखायचा तो बदलाच्या वेगावरून आणि सोबतीला काय आहे त्यावरून. तुमचा मुलगा पहाटे चारला झोपून बाराला उठतो, म्हणजे आठ तास झोपतो. त्याची झोप सरकली आहे, आटलेली नाही. जेवतो, तुमच्याशी बोलतो, संध्याकाळी मित्राच्या दुकानावर जाऊन बसतो, असे तुम्हीच लिहिले आहे. याउलट एखाद्याची झोप दोन-तीन दिवसांत एकदम दोन-तीन तासांवर आली, त्याने जेवण टाळायला, खिडक्या लावून घ्यायला, कोणी मागावर असल्याचे सांगायला किंवा एकट्याने बोलायला सुरुवात केली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन केला पाहिजे. जगणे नको झाल्याचे शब्द कानावर आले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे आणि तोवर त्याला एकटे सोडायचे नाही. डॉक्टर भेटत नसतील तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. केंद्र सरकारची ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, ती चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत, तिथे मी थांबणार आहे. पहिली : औषध चार महिन्यांपूर्वी बदलले आणि जागरण तीन महिन्यांपासून आहे. दुसरी : ‘सगळ्या गोळ्या रात्री जेवणानंतर मीच हातात देते.’

ओलान्झापिन हे चांगलेच गुंगी आणणारे औषध आहे. तुमचा मुलगा कित्येक वर्षे त्याच्या आधारावर झोपत होता. तो आधार निघाल्यावर झोप काही काळ अडखळणे स्वाभाविक आहे. त्याच्या जागी आलेले अरिपिप्राझोल बहुतेकांना गुंगी आणत नाही. उलट अनेकांना त्याने तरतरी येते, म्हणून बरेच डॉक्टर ते सकाळी घ्यायला सांगतात. काहींना मात्र त्यानेही झोप येते आणि त्यांना ते रात्री दिले जाते, त्यामुळे सरसकट नियम नाही. तुमच्या मुलाच्या केसपेपरवर कोणती वेळ लिहिली आहे, हे एकदा चष्मा लावून पाहा. जुन्या सवयीने नवी गोळीही रात्रीच्याच डबीत जाऊन बसली असण्याची शक्यता मला पुष्कळ वाटते. तसे असले तरी वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका, डॉक्टरांना फोन करून विचारा. आणि वेळ बदलल्यावर दुसऱ्याच रात्री गाढ झोपेची अपेक्षा ठेवू नका. या औषधाची रक्तातली पातळी निम्म्यावर यायलाच सुमारे ७५ तास लागतात, त्यामुळे फरक कळायला काही दिवस जाऊ द्यावे लागतात.

गॅलरीतल्या येरझाऱ्यांबद्दल मला अधिक काळजी वाटते. झोप येत नाही म्हणून माणूस फिरतो, तसेच फिरल्यावाचून राहवत नाही म्हणूनही त्याला झोप येत नाही. दुसऱ्या प्रकाराला अकॅथिशिया म्हणतात. शब्दाचा अर्थच ‘बसवत नाही’ असा आहे. मनोविकारावरील औषधांचा हा ओळखीचा दुष्परिणाम आहे आणि अरिपिप्राझोलच्या बाबतीत तो अनेकदा दिसतो, विशेषतः औषध नवे असताना किंवा मात्रा वाढवल्यावर. आमच्या गटातल्या एका तरुणाने त्याचे वर्णन केले होते, ते माझ्या लक्षात राहिले आहे. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता, एक टाच सारखी फरशीवर आपटत होती, आणि तो म्हणाला, ‘पायांत मुंग्या नाहीत, दुखतही नाही, पण आतून कोणीतरी सारखे ऊठ ऊठ म्हणत राहते, आवाजासारखे नाही, खाज आल्यासारखे.’ घरच्यांनी त्याला बेचैनी म्हटले होते, शेजाऱ्यांनी वेड वाढले म्हटले होते. यात मोठा धोका असा की ही तगमग आजाराचीच आहे असे समजून औषधाची मात्रा वाढवली जाते आणि त्याने ती आणखी वाढते. वेळेवर ओळखली तर मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखे जोडीचे औषध देणे असे मार्ग डॉक्टरांकडे असतात. तेव्हा मुलाला साधे विचारा : जेवताना, टीव्ही पाहताना एका जागी बसवते का? उभे राहिल्यावर सारखे पाय बदलावेसे वाटतात का? चालल्यावर बरे वाटते का? ‘हो’ आले, तर ही भेट पुढे ढकलू नका. अकॅथिशियाची तगमग माणसाला निराशेच्या टोकापर्यंत नेऊ शकते.

तो मोठ्याने घोरतो आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा दचकतो, असेही तुम्ही लिहिले आहे. वाढलेल्या वजनासोबत हे असेल तर झोपेत श्वास अडण्याचा विकार आहे का, याची तपासणी व्हायला हवी. असा विकार असणाऱ्याला न तपासता झोपेची गोळी देणे धोक्याचे असते.

आणि इथे दुधाच्या पेल्याकडे यावे लागते.

तुम्ही ते का केले, हे मला कळते. तीन महिने न झोपलेल्या बाईला योग्य-अयोग्याची चर्चा ऐकवणे सोपे असते, म्हणून मी ती लांबवणार नाही. पण हे थांबवा. अल्प्राझोलामची सवय लागते, दुसऱ्या औषधांसोबत गुंगीची बेरीज होते आणि डॉक्टरांना ते माहीत नसल्याने त्यांचा सगळा अंदाज चुकतो. ते चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे, आणि विकताना दुकानदाराला डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वहीत नोंदवावे लागते. ओळखीपोटी त्याने तुमच्यावर उपकार केलेला नाही. तुम्ही तीन-चार वेळाच दिल्यामुळे तुमच्या बाबतीत ते तिथेच थांबवता येईल. मात्र हे वाचणाऱ्यांपैकी कोणी महिनोन्‌महिने रोज अशी गोळी देत किंवा घेत असेल, तर त्यांनी ती एकदम तोडू नये, त्याने फेफरे येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते.

औषधशास्त्राइतकीच महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या मुलाच्या आजाराची सुरुवात, तुम्ही लिहिले आहे त्याप्रमाणे, ‘मेसच्या जेवणात काहीतरी घालतात’ या संशयाने झाली होती. तो संशय खोटा आहे, हे त्याला पटवायला तुम्हा सर्वांना किती काळ लागला असेल. उद्या त्याला दुधातली गोळी कळली, तर त्याच्या हाती पुरावा येईल आणि त्यानंतर तो तुमच्या हातची कोणतीच गोळी घेणार नाही. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही निर्णयक्षम रुग्णाच्या उपचारासाठी त्याची समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक मानतो. माझे मत असे की हे त्याला सांगावे. आधी डॉक्टरांना सांगा, मग त्यांच्याच समोर किंवा घरी शांत वेळ बघून त्याला एवढेच म्हणा की मी घाबरले होते, मी चुकले, यापुढे तुला न सांगता काहीही देणार नाही. तो रागावेल. चार दिवस दूध घेणार नाही. तरीही हे तुमच्या तोंडून कळणे आणि कपाटात सापडलेल्या पाकिटावरून कळणे यांत फार अंतर आहे.

आता रात्रीबद्दल. आमच्या गटात एकदा मी एका मुलाला विचारले होते की तू पहाटेपर्यंत का जागतोस. तो पाण्याच्या बाटलीवरचा कागद नखाने सोलत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘रात्री मला कोणी बघत नाही.’ त्याची आई शेजारीच बसली होती. दिवसभर त्याने जेवले का, गोळी घेतली का, हसला तर का हसला, गप्प बसला तर का गप्प बसला, हे घरातले तीन जण टिपत असत. घर झोपले की त्याला मोकळे वाटे. दुसऱ्या एकाला अंधारात आवाज मोठे होत असल्याने डोळे मिटायची भीती वाटत असे. तिसरा दिवसभर पलंगावरच पडून असे, त्यामुळे रात्री झोप यायला शरीर दमलेलेच नसे. तिघांचे जागरण बाहेरून सारखे दिसत होते आणि तिघांना हवा असलेला उपाय वेगळा होता. म्हणून ‘चांगली गोळी कोणती’ या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही. तुमचा मुलगा या तिघांपैकी कोण, की चौथाच कोणी, हे त्याच्याखेरीज कोणी सांगू शकणार नाही. त्याला रात्री दोन वाजता विचारू नका. संध्याकाळी भाजी निवडताना, दोघांचे हात कामात असताना विचारा, आणि उत्तर आले की लगेच उपाय सुचवू नका.

उत्तर ‘मोकळे वाटते’ असे असेल, तर दिवसा त्याला दोन तास कोणाच्या नजरेबाहेरचे मिळतील अशी सोय करणे हाच मोठा उपचार आहे. आवाज आणि भीती असेल तर ते डॉक्टरांना कळवाच, शिवाय खोलीत मंद दिवा ठेवता येतो, कानाला लावून हळू आवाजात गाणी किंवा आकाशवाणी ऐकता येते. काहींना त्याने आवाज मागे पडतात. मोबाइल हिसकावून घेऊ नका. तो अंथरुणाबाहेर, खुर्चीवर बसून वापरायचा, एवढे ठरवून घ्या. झोप येत नसेल तेव्हा अंथरुणावर तळमळत न राहता त्या खुर्चीवर बसायचे आणि पेंग आली की परत जायचे, हा नियमही त्यातच येतो. निद्रानाशावर गोळ्यांशिवायची जी मानसोपचार पद्धत आहे, तिचा हा एक भाग आहे. २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये भ्रम किंवा भास असलेल्या ५० रुग्णांवर तिची चाचणी झाली, तेव्हा नेहमीच्या औषधांसोबत ही पद्धत शिकवलेल्यांपैकी ४१ टक्के जणांचा निद्रानाश उपचारांअखेर उरला नाही. नुसत्या औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. भ्रम आणि भास त्याने कमी झाले, असे ठामपणे म्हणण्याजोगा निष्कर्ष त्या चाचणीतून निघाला नाही, पण झोप सुधारणे हीदेखील काही लहान गोष्ट नव्हे. एक खबरदारी : याच पद्धतीत अंथरुणात काढण्याचे तास मुद्दाम कमी करण्याचा एक भाग असतो. स्किझोफ्रेनियात तो घरच्या घरी करू नये.

सकाळची वेळ मागे आणायची ती अर्ध्या-अर्ध्या तासाने. आज साडेबाराला उठणारा आठवडाभर बाराला उठू दे, मग साडेअकराला. उठल्यावर अर्धा तास उजेडात, शक्यतो घराबाहेर. आणि उठण्यासाठी काहीतरी कारण हवे, ज्यात कोणीतरी त्याची वाट पाहत असेल : मित्राच्या दुकानात माल उतरवून घ्यायचा असेल, आजीला देवळात न्यायचे असेल. ‘आरोग्यासाठी ऊठ’ या कारणाने मी स्वतःही उठत नाही. संध्याकाळी पाचनंतरचा चहा बंद. तुमच्याकडे रात्री नऊला सगळ्यांचा चहा होतो असे दिसते, तो सगळ्यांचाच बंद करा, एकट्याचा नको.

ज्यांच्या घरी प्रश्न उलटा आहे, म्हणजे क्लोझापिन, ओलान्झापिन किंवा क्वेटियापिन यांसारखे गुंगी आणणारे औषध घेणारा माणूस बारा-चौदा तास झोपतो, त्यांनी रात्रीची गोळी थोडी लवकर घेता येईल का, मात्रा जास्त होते आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. क्लोझापिन किंवा ओलान्झापिन घेणाऱ्याने सिगारेट-बिडी अचानक सोडली तर रक्तातली औषधाची पातळी वाढते आणि गुंगीही वाढू शकते. व्यसन जरूर सोडावे, पण डॉक्टरांना सांगून.

राहता राहिल्या तुम्ही. गॅलरीच्या कडीकडे कान लावून जागल्याने त्याची झोप एका मिनिटाने वाढलेली नाही. त्याच्याशी उघड करार करा : आवाज वाढले किंवा भीती वाटली तर तो दार वाजवून तुम्हाला उठवील, एरवी तुम्ही झोपाल. आठवड्यातल्या तीन रात्री जबाबदारी वडिलांची. पहाटे उठवण्याचा हक्क त्यांना सोडवत नसेल, तर दोन रात्री गॅलरीत त्याच्याबरोबर चार फेऱ्या घालून पाहाव्यात, न बोलता.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवड्यांची झोपेची नोंद हवी. अकॅथिशियाच्या प्रश्नांना ‘हो’ आले असेल तर नोंदीसाठी थांबू नका, लगेच जा. चौकटीची वही आणा, एका ओळीत एक दिवस, एका घरात एक तास. झोपेचे तास त्याने पेन्सिलीने काळे करायचे, येरझाऱ्यांच्या तासावर फुली, गोळीच्या वेळेला गोल. तुम्ही त्यात लिहायचे नाही, दुरुस्तीही करायची नाही. तारखेच्या दिवशी ती वही त्याच्या हातात असू दे, आणि डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर त्याला बसवून तुम्ही भिंतीकडेच्या बाकावर बसा.